मदत हवी आहे: दापोलीच्या थंडीत जनरेटर पहाटे सुरू होत नाही

मंडळी, दापोलीजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. डिझेल जनरेटर दुपारी एका सेल्फमध्ये सुरू होतो. पण चार दिवस पहाटे पारा १० अंशांच्या आसपास, आणि हा नुसता घरघरतो, पांढरा धूर ओकतो, मग गप्प. म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही, बरोबर ना? बॅटरी नवी आहे, १२.६ व्होल्ट दाखवते. टाकीतलं डिझेल मात्र मे महिन्यातलं. उन्हाळी डिझेल एवढ्या थंडीत मेण धरतं का, की पावसाळ्यात टाकीत पाणी साचलं असेल? मिस्त्री म्हणतो, ईथर (इंजिन चटकन पेटवणारा स्प्रे) मार. हीटर प्लगच्या (सुरू करताना आतून तापवणाऱ्या प्लगच्या) इंजिनात ईथर म्हणजे भडका, माझी नाही बाबा हिंमत! आधी प्लग तपासू की फिल्टर? शनिवारी पाहुणे येतायत.