चार वर्षांच्या मुलाला मुतखडा: दूध बंद करायचं का?

बार्शीकर
मुलगा चार वर्षांचा. पोट दुखतं म्हणून रडायचा, आम्हाला जंत वाटले. लघवी लालसर दिसली तेव्हा सोनोग्राफी केली. उजव्या किडनीत ५ मिमीचा खडा आहे. डॉक्टर म्हणाले, सध्या भरपूर पाणी पाजा, पुन्हा सोनोग्राफी करू. आई म्हणते दूध बंद कर, पानफुटीचा रस दे. एवढ्याशा पोराला खडा होतोच कसा?

सोलापूरची आई
दादा, दूध अजिबात तोडू नका. दुधातलं कॅल्शियम ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातून येणाऱ्या आणि खडा बनवणाऱ्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवतं. ते कमी पडलं की उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरतं, शिवाय हाडं वाढायचं वय आहे. कमी करायचं ते मीठ. पापड, लोणचं, फरसाण, कुरकुरे बंद.

आणि खडा पडला तर फेकू नका. माझ्या लेकीच्या वेळी आम्ही पॉटीवर चहाची जुनी गाळणी धरायचो. सापडला तो खडा लॅबला दिला, तर सिस्टिन नावाच्या अमिनो आम्लाचा निघाला. हा आनुवंशिक, बहुधा आईबाप दोघांकडून आलेला. माझं सासर म्हणजे आत्याचंच घर, म्हणून धाकट्याचीही लघवी तपासून घेतली. आता लेकीला लघवीतलं आम्ल कमी करणारं पोटॅशियम सायट्रेटचं सिरप चालू आहे, रात्री उठवूनही पाणी पाजते. लहान मुलांच्या खड्यामागे बऱ्याचदा असं काहीतरी कारण असतं. ‘पडला, सुटलो’ म्हणून थांबलात तर पुन्हा होईल. कारण शोधाच, मी हात जोडून सांगते.

बार्शीकर
ताई, पण कारण शोधायच्या तपासणीला एवढ्या लहान मुलाची चोवीस तासांची लघवी गोळा कशी करायची?

बालरुग्ण विभागातली नर्स
जमत नसेल तर एका वेळच्या नमुन्यातूनही कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ) यांचं प्रमाण काढता येतं, डॉक्टरांना विचारा. पानफुटी मनाने देऊ नका. ताप, थंडी वाजणं, सारख्या उलट्या किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर किडनीला धोका असतो.

बार्शीकर
उद्याच विचारतो. बालवाडीतून पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत येते.

सोलापूरची आई
बाईंना भेटून सांगा, दर तासाला दोन घोट त्यांच्यासमोर. आणि लघवीला जायला अडवू नका म्हणावं. मुलं शाळेत लघवी धरून बसतात, म्हणून पाणीही पीत नाहीत.