थ्रीडी प्रिंटचे कपडे: फॅशन की नुसता रॅम्पवरचा तमाशा?

नौपाडाकर: भाची खारघरला फॅशन डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाचं कलेक्शन थ्रीडी प्रिंटरवर करायचं म्हणते. मला हे पटत नाही. डच डिझायनर इरिस व्हान हर्पेननं असा पोशाख रॅम्पवर आणला २०१० मध्ये. एवढ्या वर्षांत गोखले रोडवरच्या एका तरी दुकानात दिसला का? प्लास्टिक घाम शोषत नाही. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये घालून दाखवा, मग बोलू.

रबाळेचा_मेकॅनिकल: काका, २०१४ चा किनेमॅटिक्स ड्रेस बघा. हजारो छोटे त्रिकोण, मध्ये बिजागऱ्या. घडी घातलेल्या अवस्थेतच एकसंध छापला. ज्या नायलॉनच्या पावडरीतून छापला ती उरलेली झटकली, उलगडला, झालं. शिवण नाही की कटिंगच्या चिंध्या नाहीत. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयानं तो संग्रहात घेतलाय.

नौपाडाकर: संग्रहालयातच गेला ना? मग!

ऐरोलीची_सुई: चिंध्या नाहीत म्हणे. साध्या प्रिंटरवर आधाराला छापलेलं प्लास्टिक तोडून फेकता, बिघडलेले प्रिंट वेगळेच. आणि वेळ? इस्रायली डिझायनर दानित पेलेगनं २०१५ मध्ये घरगुती प्रिंटरवर पदवीचं कलेक्शन केलं, दोन हजारांहून जास्त तास लागले. तेवढ्यात आमचे आरीवाले अख्ख्या लग्नघराचे ब्लाउज भरून देतील. त्यांच्या पोटावर पाय कशाला?

घंटाळी_बुटीक: तुम्ही सगळे अख्ख्या ड्रेसवरच अडलाय. मी ब्लाउज शिवते. जांभळी नाक्यावर जी लटकनं मिळतात तीच अर्ध्या ठाण्याच्या पाठीवर लोंबतात. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या पैठणीतला मोरच बटणावर हवा. चार बटणांसाठी साचा कोण करून देणार? इथे प्रिंटर कामाचा. 'ब्लॅक पँथर'मधल्या राणीचा मुकुट असाच छापलेला होता, आणि त्या सिनेमाच्या वेशभूषेला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. मुकुट बरं का, परकर नाही!

भाचीला सांगा, जाळीवर, म्हणजे नेटच्या कापडावर छाप. पहिले दोन-तीन थर झाले की मशीन थांबवायचं, नेट ताणून चिमट्यांनी बसवायचं, पुन्हा सुरू. वरचा थर जाळीच्या भोकांतून खालच्याला चिकटतो, नेट मधे पक्की अडकते. टाका घालावा लागत नाही. फक्त पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक वापरू नकोस म्हणावं, साठेक अंशांना मऊ पडतं, इस्त्री लागली की मोराचं कबूतर. लवचीक हवं तर टीपीयू, हे रबरासारखं प्लास्टिक. तेही इस्त्रीपासून लांबच.

ऐरोलीची_सुई: बटणांचं चालेल. पण मोर आरीवाल्याच्या नमुन्यावरून छापलात तर त्याला पैसे देणार का? एकदा फाइल झाली की शंभर ब्लाउजांवर तोच मोर.

घंटाळी_बुटीक: नमुना त्याचा असेल तर दर ब्लाउजमागे द्यायलाच हवेत. मी देईन. बाजार देईल असं मात्र छातीठोक सांगत नाही.

नौपाडाकर: जाळीचं तिला कळवतो. कुर्त्याला अजूनही नाहीच. आणि त्या टीपीयूचं मशीनमध्ये धुतल्यावर काय होतं, कुणी धुऊन पाहिलंय?