थिंगोल राजाची गोष्ट वाचायची आहे, कुठलं पुस्तक घेऊ?

ओलीभेळ
मंडळी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे सिनेमे पाहून झाले, मालिकाही पाहिली. आता टोल्किनच्या त्याही आधीच्या काळातला, एल्फ या अमर लोकांचा राजा थिंगोल, म्हणजे ल्युथिएनचा बाप, याच्याबद्दल वाचायचंय. छापीलच हवं. बजेट ५०० रुपये, एकच पुस्तक घेणार.

कपाटभर
'हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ'चे, म्हणजे टोल्किनच्या खर्ड्यांचे, बाराही खंड घ्या, १९८३ ते १९९६. माझ्याकडे सगळे आहेत, पुठ्ठा बांधणीचे. त्यासाठी सुताराकडून वेगळं कपाट करून घेतलं. थिंगोल कसा घडत गेला ते त्याशिवाय कळायचं नाही.

पावशेर_फरसाण
अहो, ५०० म्हणतायत ना त्या!
'सिल्मरिलिअन' घ्या, पेपरबॅक. टोल्किन १९७३ला गेले, मग मुलाने, क्रिस्टोफरने, कागद जुळवून १९७७ला छापलं. सगळं वाचत बसू नका, सुरुवातीलाच दमाल. प्रकरण ४, १०, १९ आणि २२ वाचा. चौथं तर एवढंसं आहे. नान एल्मोथच्या रानात हा ल्युथिएनच्या आईला, मेलिअनला, बघतो, तिचा हात धरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच उभा. लोक शोधून थकतात, शेवटी भाऊ ओल्वे बरेचसे घेऊन पश्चिमेला निघून जातो.

मिणमिणता_दिवा
सिल्मरिलिअनच. पण फुटपाथवरून घेऊ नका! माझ्या प्रतीत मागची नावांची सूची आणि वंशावळ्या गायब. फिनवे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिनरॉड... कोण कोणाचा काका, काही पत्ता लागेना. विकणारा म्हणतो, गोष्ट पूर्ण आहे ना?

रोखठोक_आत्या
थिंगोलवर पैसे घालवूच नकोस गं. मुलीला मागणी घालायला आलेल्या पोराला, बेरेनला, म्हणे मॉर्गोथ या महाखलाच्या मुकुटातलं रत्न आण. मुलगी त्याच्यामागे निघाली तर तिला झाडावर घर बांधून कोंडली. राजा म्हणावा तर फिंगोल्फिन! एकटा मॉर्गोथच्या दारात जाऊन त्याला बाहेर बोलावतो, मरता मरता सात जखमा करतो. प्रकरण १८.

पावशेर_फरसाण
आत्या, त्याच थिंगोलने तुरिनला, माणसाच्या पोराला, स्वतःच्या मुलासारखं वाढवलं. तेही सांगा की.

रोखठोक_आत्या
आणि दागिना घडवणाऱ्या बुटक्या ड्वार्फांना तोंडावर घालूनपाडून बोलला, त्यात जीव गेला. तेही सांगते.

निवांत७
ऑडिओबुक ऐका. मी लोकलमध्ये ऐकतो.

ओलीभेळ
छापील हवंय, वर लिहिलंय.

मिणमिणता_दिवा
अवांतर: मालिकेतला एल्फ राजा गिल-गालाड फिंगोनचा मुलगा ना?

कपाटभर
छापील सिल्मरिलिअनमध्ये तसं आहे. टोल्किनच्या उशिराच्या टिपणांत ओरोड्रेथचा. बारावा खंड पाहा.

पावशेर_फरसाण
झालं, धागा गेला रानात.

कपाटभर
पुन्हा मुद्द्यावर. थिंगोलच्या मरणाचं २२वं प्रकरण टोल्किनचं समजून वाचू नका. त्यांचा सलग मजकूर फार जुना होता आणि नंतरच्या गोष्टींशी जुळत नव्हता. क्रिस्टोफरने गाय गॅव्हरिएल के या तरुण मदतनिसाबरोबर ते रचलं. संपादकाची मर्यादा ओलांडली असं त्यांना स्वतःलाच पुढे वाटलं, अकराव्या खंडात लिहिलंय. (१९९४. माझ्याकडे आहे.)

मिणमिणता_दिवा
सिल्मरिलिअनच घ्या, मीही तेच म्हणतो. आणि २०१७चं 'बेरेन अँड ल्युथिएन' चित्रांच्या मोहाने घेऊ नका. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या खर्ड्यांतून. सगळ्यात जुन्या खर्ड्यात राजाचं नाव थिंगोल नाहीच, टिन्वेलिंट आहे. खलनायक सॉरॉनच्या जागी तर चक्क तेविल्डो नावाचा बोक्यांचा राजा! बेरेनला उंदीर पकडायला लावतो, ते जमलं नाही म्हणून स्वयंपाकघरात राबवतो.

रोखठोक_आत्या
काहीही!

ओलीभेळ
बोक्यांचा राजा?? हे आधी सांगायचं ना. मागवलं 'बेरेन अँड ल्युथिएन'. ५००च्या वर गेलं, चालायचंच. सिल्मरिलिअन वाचनालयात असेल तर चार प्रकरणं तिथे वाचेन. आभार मंडळी, पावशेर यांचे विशेष.

पावशेर_फरसाण
विशेष आभार मानून घेतलं मात्र भलतंच.

कपाटभर
तेविल्डो दुसऱ्या खंडात आहे, १९८४. खंड घेतले असते तर तोही आला असता.