सल्ला हवा: सासवडजवळ शेतीशाळेच्या स्लॅबवर हिरवं छत

मातीचा_गोळा: नमस्कार मंडळी. सासवडच्या पुढे गावातल्या आमच्या गटाची छोटी शेतीशाळा आहे. दोन खोल्या, ९०० चौरस फुटांचा स्लॅब, वर जायला जिना. एप्रिलात दुपारी वर्गात बसवत नाही. स्लॅबवर माती टाकून गवत-झुडपं लावायचा विचार आहे, पोरांना शिकायलाही होईल. बजेट दीड लाख, वर एक रुपया नाही. कुणी केलंय का?

गच्चीवाली_वहिनी: आमच्या कोथरूडच्या गच्चीत नऊ वर्षं वांगी, टोमॅटो, पालक, सगळं आहे. माती जवळजवळ लागतच नाही! सोसायटीतला वाळका पाला, घरातला ओला कचरा आणि वर शेण-गोमूत्राचं जीवामृत. विटांचे वाफे करा. फोटो टाकते.

तळमजला_नव्हे: वहिनी, तुमच्या खालच्यांनाही विचारा कधीतरी. माझ्या डोक्यावर अशीच एक बाग आहे. बेडरूमच्या सिलिंगवर महाराष्ट्राचा नकाशा उमटलाय, यंदा कोकणही पूर्ण झालं.

निवृत्त_ओव्हरसियर: आधी वजनाचं बोला. ये-जा असलेली गच्ची चौरस मीटरला १५० किलो भाराच्या हिशेबाने धरतात, जिथे कुणी जात नाही ती ७५. चार इंच साधी माती पावसात भिजली की १८० च्या आसपास जाते. कोकोपीट, भाताचं तूस, गांडूळखत घालून हलकी केली तरी ओली शंभर-सव्वाशे. वर पोरं चढणार ती वेगळीच. स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून दिल्याशिवाय घमेलंभर माती वर नेऊ नका. आमच्या वेळी असे धंदे कुणी करत नव्हतं.

बाणेर_आर्किटेक्ट: सोपं आहे. वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लास्टिकच्या जाळ्या), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड) आणि मग माती. आम्ही एका बंगल्याला केलं, साडेनऊ लाखांत मस्त झालं. बजेट थोडं ताणता येईल का?

मातीचा_गोळा: नाही.

अंजीरवाला: अहो, मार्चनंतर आमच्या अंजिराला पाणी पुरत नाही, तुमच्या छताला कुठून आणणार? टँकर? चुना मारा गच्चीला आणि गप बसा.

गच्चीवाली_वहिनी: चुना पहिल्या पावसात वाहून जातो. अनुभव आहे.

अंजीरवाला: मग परत मारा. दरवर्षी फेब्रुवारीत. बैलांची शिंगं नाही का रंगवत?

सड्यावरचा: पाण्याचा प्रश्न कासच्या पठारावर बघा. जांभ्यावर मातीचा जेमतेम पातळ थर, कुठे तोही नाही. पावसाळ्यात फुलतं, मग सगळं वाळतं, पुढच्या पावसात आपोआप उगवतं. छतही उन्हाळ्यात वाळू द्या. कोरड्या मातीच्या थरानेही ऊन अडतं, फक्त हिरवं दिसणार नाही.

मामा_सुपेकर: हरळी लावा. मरतच नाही.

अंजीरवाला: हरळी?? बांधावरची हरळी खणता खणता आमच्या आजोबांची कंबर गेली. आणि हा माणूस ती छतावर चढवतोय.

निवृत्त_ओव्हरसियर: मूळ प्रश्न राहिला. मातीआधी पन्हाळीची तोंडं बंद करून स्लॅबवर दोन-तीन दिवस पाणी तुंबवा. खाली ओल आली तर तिथेच थांबा. कोपऱ्यातल्या फटीत पिंपळ दिसला तर मुळासकट काढा, वरून कापून उपयोग नाही. वजनाचं मी वर लिहिलंच आहे.

तळमजला_नव्हे: वजनाचं मीही तेच म्हणणार होतो.

मातीचा_गोळा: सर्वांचे आभार. इंजिनियर येऊन गेले, वर्गांच्या स्लॅबला सरळ नाही म्हणाले. तिथे चुना. बाजूला अवजारांची खोली बांधायचीच होती, १२० चौरस फूट. तिचा स्लॅब त्यांनी मातीचं वजन धरून काढून दिलाय, वर चार इंच हलकं मिश्रण. काय लावायचं यावर पोरांनी हात वर करून मतदान केलं. हरळी जिंकली. शिव्या द्या.

अंजीरवाला: 🙏

गच्चीवाली_वहिनी: झाल्यावर फोटो टाका हं!

तळमजला_नव्हे: वहिनी, तुमचे कुठे आहेत?