रेझिन प्रिंटर घराच्या आत नकोच, मागच्या पडवीत ठेवा: पटतंय का?

चिरेबंदी (गुहागर)

धाकट्या भावाने रेझिन प्रिंटर, म्हणजे पातळ रेझिनपासून घट्ट वस्तू घडवणारा थ्रीडी प्रिंटर, घ्यायचं नक्की केलंय. दागिन्यांच्या ओतकामाचे नमुने आणि लहान मूर्तींचे साचे करायचा त्याचा बेत आहे. कुठला घ्यावा यावर आमचं भांडण नाही, कुठे ठेवावा यावर आहे. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येते. माजघराला लागून कोठीची खोली आहे, भाऊ म्हणतो तिथे ठेवू. तिला खिडकी एकच, तीही पश्चिमेला. दार उघडलं की समोर देवघर, पलीकडे गॅस. घरात दम्याची आई आणि दोन लहान पोरं.

माझं मत सांगतो. हे रेझिन म्हणजे अ‍ॅक्रिलेट. ४०५ नॅनोमीटरच्या, म्हणजे अतिनीललगतच्या (यूव्ही) प्रकाशाने ते थरावर थर घट्ट होत जातं आणि तोवर ते भरलेल्या ट्रेमधून वाफा येत राहतात. छपाई कित्येक तास चालते, बहुतेक वेळा रात्रभर. नंतर वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (आयपीए) धुवायची. माणसं झोपतात त्याच छपराखाली हे सगळं कशाला? प्रिंटरच्या आत बसवायच्या त्या मुठीएवढ्या कोळशाच्या फिल्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. मागची पडवी तीन बाजूंनी उघडी आहे, वास आला तसा जाईल. शिवाय रेझिनला २५ ते ३० अंश तापमान मानवतं, ते आपल्याकडे जवळपास बारमाही आहे. थंड देशांतली माणसं गॅरेजमध्ये हीटर लावून बसतात. आपल्याला ती कटकटच नाही, मग पडवी सोडून आत जायचं कशासाठी?

खाडीपलीकडे (दाभोळ)

दादा, जून ते सप्टेंबर त्या पडवीत तुम्ही सायकल तरी ठेवता का?

मी टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करतो. किनाऱ्यावरच्या घरातला बोर्ड उघडला की कनेक्टरवर हिरवा गंज ठरलेला. रेझिन प्रिंटरमध्ये पंखा असतो, तो बाहेरची खारी हवा ओढून थेट बोर्डावरून फिरवतो. वस्तू जिला चिकटून तयार होते ती प्लेट वर-खाली करणारा लीड स्क्रू आणि रेल पोलादी. त्यावर गंज चढला की थर सारखे येत नाहीत आणि माणूस बिचारा रेझिनला शिव्या घालतो.

उजेडाचं काय? झाकण लावलं की यूव्ही अडतो हे खरं, पण रेझिन ओतताना, ट्रे काढताना, गाळताना झाकण उघडंच असतं. पडवीतला दुपारचा उजेड थेट नसला तरी ट्रेमधल्या रेझिनवर साय धरायला पुरतो.

आणि किडे. पावसाळ्यात पडवीतल्या दिव्याखाली काय काय पडतं ते सांगायला नको. एखादा भुंगा ट्रेमध्ये पडला, प्लेट खाली आली आणि तो तळाच्या फिल्मवर दाबला गेला, की फिल्म फाटून रेझिन खालच्या, प्रकाश सोडणाऱ्या स्क्रीनवर. मग नवा स्क्रीन.

खोलीतच ठेवा. प्रिंटरला बंद खोकं करा, खोक्याला चार इंची पाइप, पाइपात एक्झॉस्ट पंखा, पाइपाचं तोंड भिंतीबाहेर. पंखा बाहेरच्या टोकाकडे बसवा, म्हणजे पाइपात कुठे फट राहिली तरी वाफ खोलीत गळण्याऐवजी खोलीतली हवा आत ओढली जाईल. वळणं कमीत कमी ठेवा.

सुरंगीची वेणी (मालवण)

वास येता म्हणान पडवीत ठेवतलस, मगे पावसात काय करतलस? झापां लावलंय काय पडवी पण खोलीच झाली मरे.

चिरेबंदी

झापांचा मुद्दा बरोबर आहे, पावसाळ्यात माडाच्या विणलेल्या झावळ्या आम्हीही लावतो. पण झापांतून हवा खेळते, चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून नाही. आणि दाभोळकर, चार इंची पाइपासाठी जुन्या भिंतीला भोक पाडायचं म्हणता? त्यापेक्षा गंज परवडला. स्क्रूला ग्रीस लावता येतं, छपाई नसेल तेव्हा प्रिंटरवर खोळ घालता येते. आईची छाती बदलता येत नाही.

रसायनवाली (रत्नागिरी)

तुम्ही दोघंही छपाईवरच भांडताय. छपाई चालू असते तेव्हा यंत्र झाकलेलं असतं, त्याच्याजवळ कुणी नसतं. खरा धोका त्यानंतर सुरू होतो, म्हणजे प्लेट काढताना, धुताना, सपोर्ट (आधाराच्या काड्या) तोडताना. त्या वेळी तुमचे हात त्यात असतात आणि नाक त्याच्यावर.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वर त्याची वाफ पेटू शकते तो, सुमारे १२ अंश आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर पौषातल्या पहाटेसुद्धा पारा सहसा इतका खाली जात नाही. म्हणजे उघड्या भांड्यातल्या आयपीएची वाफ पेट घेण्याजोगी असतेच, फक्त ठिणगीची खोटी. ही वाफ हवेपेक्षा दुप्पट जड, त्यामुळे ती जमिनीलगत सरकते. खोलीच्या माथ्यावर बसवलेला एक्झॉस्ट तिला फारसा पोचत नाही. तुमच्या कोठीचं दार देवघराकडे उघडतं म्हणता आणि देवघरात समई असणार. पलीकडे गॅस. भावाने त्या खोलीत धुलाई करूच नये. इथे मी ठाम आहे, पाइप असो वा नसो.

कोळशाच्या छोट्या फिल्टरबद्दल चिरेबंदींशी सहमत. कार्बन भरला की तो काम थांबवतो आणि भरला हे बाहेरून कळत नाही. दमट हवेत तर कार्बनच्या जागा पाण्याची वाफच अडवते, म्हणजे आपल्या पावसाळ्यात तो आणखी कुचकामी. वास कमी आला म्हणजे धोका कमी झाला, असंही समजू नका. 'लो ओडर' लिहिलेलं रेझिनही त्वचेला तेवढंच वाईट. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी आज होत नाही, उद्याही होत नाही, पण एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. दातात भरायच्या सिमेंटमध्येही त्याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे दंतवैद्याकडेही पंचाईत. नायट्राइलचे हातमोजे घाला, लॅटेक्सचे नकोत. पोरं फिरतात तिथे ट्रे उघडायचाच नाही.

आता जे कुणीच विचारलं नाही ते विचारते: तुमची विहीर पडवीपासून किती लांब आहे?

चिरेबंदी

पडवीच्या पायरीवरून दिसते. न्हाणीचं पाणी केळींना जातं, विहिरीत नाही.

रसायनवाली

केळींना गेलेलं पाणी कुठे जातं? जांभा सच्छिद्र आहे. न घट्ट झालेलं रेझिन जलचरांना विषारी असतं. पाण्याने धुता येणारं रेझिन आणलं की लोकांना वाटतं ते पाणी मोरीत सोडून चालतं. मुळीच नाही, त्यात रेझिन असतंच. एक थेंबही केळींना घालू नका. पारदर्शक बरणीत भरून उन्हात ठेवायचं, रेझिन घट्ट होऊन खाली बसतं, मग गाळायचं. चोथा पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात.

खाडीपलीकडे

आषाढात ऊन कुठून आणायचं, बाई?

रसायनवाली

झाकणबंद डब्यांत साठवायचं आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात काढायचं. किंवा यूव्ही दिवा. डबे कुठे ठेवणार हेही जागा ठरवतानाच ठरवा. सगळे प्रिंटरपुरती जागा मोजतात आणि डबे शेवटी पलंगाखाली जातात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पडवी, कोठी, विहीर... श्रीमंत लोक आहात. आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाल्कनी पश्चिमेला, म्हणून मी प्रिंटर संडास-बाथरूमच्या कोरड्या भागात ठेवला होता, एक्झॉस्ट आयता मिळतो म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चौथ्या दिवशी विचारलं, "तुमच्याकडे रंगकाम चाललंय का?" शाफ्ट सगळ्यांचा एकच. आता बाल्कनीत बंद लोखंडी कपाट केलंय आणि त्यातून पाइप.

एक गोष्ट मात्र चिपळूणकराकडून ऐकून ठेवा. तळमजला हा पर्यायच समजू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर काय राहिलं ते आम्ही पाहिलंय, २००५ लाही पाहिलं होतं. यंत्र गेलं तर गेलं, पण रेझिनच्या बाटल्या आणि आयपीएचा कॅन पुराच्या पाण्यात तरंगत शेजारच्या घरात जाणं वेगळं. गुहागरला नदीचा पूर नसेल, पण नदी-खाडीकाठच्या वाचकांनी हे आधी पाहावं.

केळशीची सून (पुणे-केळशी)

मी स्वतः छापते, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने बोलते. तुम्ही सगळे वाफेचं बघताय, मी पावलांचं बघते. प्रिंटर एका खोलीत आणि धुलाई परसात असेल तर ओली प्लेट हातात घेऊन माजघरातून जायला लागतं. एक थेंब पडतो, तो दिसत नाही, त्यावर पोराचा पाय पडतो. म्हणून छपाई, धुलाई आणि यूव्ही क्युअरिंग (धुतलेली वस्तू यूव्ही उजेडात पूर्ण कडक करणं) हाताच्या अंतरावर हवीत, मग ती जागा कुठलीही असो. ज्या जागी हातमोजे लांब ठेवलेले असतात तिथे माणूस "एवढंच काढतो" म्हणत उघड्या हाताने काढतो.

जमीन पण बघा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर रेझिन सांडलं तर ते पुसता येत नाही, तेवढी जमीनच उकरावी लागते. कोबा किंवा लादी हवी, वर काठ असलेला ट्रे. आणि कोठीवर काचेचं कौल असेल तर ते झाका. दुपारी त्यातून उतरणारा कवडसा ट्रेपर्यंत कधी सरकतो कळत नाही.

माझं मत विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर. पडवीचा एक कोपरा चिऱ्याने बंद करून घ्या. घराकडे दार ठेवू नका, परसाकडे ठेवा. भिंतीत खाली एक झरोका, वर एक.

खाडीपलीकडे

वरच्या झरोक्यातून खारी हवा आत येणारच ना! बंद केल्याचा फायदा काय मग? आणि झरोके पश्चिमेला ठेवलेत तर पावसाळी वारा वाफ परत आत ढकलेल. पाइपाचं असो की झरोक्याचं, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला हवं, वर छपरी आणि बारीक जाळी.

केळशीची सून

पूर्वेला ठेवलंत तर रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आहेतच की. रात्रभर छपाई तेव्हाच चालते.

खाडीपलीकडे

मतलई वाऱ्यात जोर कितीसा? पंखा त्याला भारी पडतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. आणि पंख्यासाठी वीज लागते हे कुणी बोललं नाही. वादळात तारा पडल्या की आमच्याकडे अंधाराचे दिवस मोजायचे, 'निसर्ग' २०२० च्या जूनमध्ये आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे काय झालं ते आठवा. छोट्या प्रिंटरला फार वीज लागत नाही, घरचा इन्व्हर्टर ओढतो. पण प्रिंटर आणि पंखा दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाऊन येण्याच्या क्षणभरात छपाई बंद पडते. पडवीत ही लाइन सहसा नसते, खोलीत असते. माझं मत अजून खोलीच.

चिरेबंदी

धुलाई खोलीत नको हे मी भावाला सांगितलं, त्याने मान्य केलं. छपाई कोठीत आणि धुलाई पडवीत, असं तो आता म्हणतो. म्हणजे केळशीच्या ताई म्हणतात तशी ओली प्लेट देवघरासमोरून जाणार. मला ते मान्य नाही. कोपरा बांधायचा खर्च विचारतोय, लाइन ओढून घेता येईल.

रसायनवाली

कोठीत वैशाखात आंब्याची अढी घालता ना?

चिरेबंदी

घालतो. पेंढा तिथेच असतो.

रसायनवाली

कोरड्या पेंढ्याशेजारी आयपीएचा कॅन. भावाला एवढंच वाचून दाखवा.

चिरेबंदी

दाखवलं. तो म्हणतो अढी माळ्यावर हलवू. आई म्हणते अढी जागची हलणार नाही, ज्याला हलायचं त्याने हलावं. गवंडी सोमवारी पडवीचं माप घ्यायला येतोय.

खाडीपलीकडे

त्याला सांगा, खालचा झरोका जमिनीपासून वीतभरच वर ठेव. आणि वरचा उत्तरेला!