ईएचआरमध्ये (पेशंटच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) डॉक्टरांना किती बदल करू द्यावेत? (ठाणे, २२ खाटा)

नौपाडा_मॅनेजर: आमचं २२ खाटांचं हॉस्पिटल. सॉफ्टवेअर घेऊन आठ महिने झाले. नऊ व्हिजिटिंग कन्सल्टंट, प्रत्येकाला स्वतःचा स्क्रीन हवा. एका सरांनी अ‍ॅलर्जीचा रकाना पार तळाला नेऊन ठेवलाय, दुसऱ्यांच्या टेम्प्लेटमध्ये बीपीच नाही. महिनाअखेरीला रिपोर्ट काढायला बसले की डायबेटिसची सहा स्पेलिंगं निघतात. कुणाला किती मोकळीक द्यायची? वर्षाला दीड लाखाच्या वर जमणार नाही.

घोडबंदर_ऑर्थो: स्वतःचं बनवून घ्या. आम्ही सहा लाखांत करून घेतलं, ओपीडीचा पेशंट दोन क्लिकमध्ये होतो. डॉक्टरला बांधून ठेवलंत तर तो परत कागदावर जाईल.

वाशी_सिस्टर: सर, रात्री तीन-तीन डॉक्टरांचे पेशंट एकटी सिस्टर बघते. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा असेल तर तिने शोधायचं कुठे? आमच्याकडे एका सरांच्या फेव्हरिट लिस्टमध्ये (एका क्लिकवर मिळणाऱ्या नेहमीच्या औषधांच्या यादीत) अँटिबायोटिकचा नेहमीचा डोस सेव्ह होता. पेशंटची किडनी बिघडलेली, क्रिएटिनिन वाढलेलं, तरी क्लिक केल्यावर तोच डोस ऑर्डरला गेला. इंजेक्शन भरताना माझ्या लक्षात आलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवून आधी आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं. अ‍ॅलर्जी, वजन, क्रिएटिनिन कुणालाही लपवता येऊ नये.

कळवा_फिजिशियन: फेव्हरिटला दोष देऊ नका, मी बारा वर्षं वापरतोय, एकही चूक नाही. खरा धोका फ्री टेक्स्टचा, म्हणजे मनाप्रमाणे टाइप केलेल्या मजकुराचा. इन्सुलिनच्या आकड्याला चिकटून इंग्रजी यू लिहिला की शून्य वाटतो, दहाचे शंभर होतात. तिथे 'युनिट' पूर्ण लिहिल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ देऊ नका.

ठाणे_पूर्व: आभा नंबरचा (सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाचा) १४ अंकी रकाना सक्तीचा करा.

कळवा_फिजिशियन: आभा सक्तीचा करता येत नाही, पेशंटची मर्जी असते.

खारघर_आयटी: निदान ड्रॉपडाउनमधूनच घ्या. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय शब्दांची कोडयादी भारतात मोफत आहे, परवाना पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या एनआरसीईएस केंद्राकडून मिळतो, केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर मानकांतही तीच आहे. सहाही स्पेलिंगं एका कोडखाली येतील. टेम्प्लेट विभागवार ठेवा, माणसागणिक नको. नऊ स्क्रीन म्हणजे प्रत्येक अपडेटनंतर नऊ ठिकाणी तपासणी, दीड लाख त्यातच जातील. बदलाचा अधिकार एकाकडे, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद.

वाशी_सिस्टर: परत सांगते, अ‍ॅलर्जी सगळ्यात वर.

नौपाडा_मॅनेजर: सगळ्यांचे आभार. विभागवार टेम्प्लेटसुद्धा आत्ता देत नाही. सहा महिने सगळ्यांना एकच स्क्रीन, अ‍ॅलर्जी-वजन-क्रिएटिनिन वर आणि लॉक. फेव्हरिटमध्ये औषधाचं नाव राहील, डोस नाही. तो दर वेळी भरायचा. नेहमीची वाक्यं ज्याने त्याने हवी तशी सेव्ह करावीत. ऑर्थोचे सर चिडणार आहेत, सोमवारी त्यांच्या ओपीडीआधी मीच जाऊन सांगते.

घोडबंदर_ऑर्थो: चूक करताय.

वाशी_सिस्टर: मॅडम, नाइटच्या सिस्टरलाही आधी दाखवून घ्या.