भाग संपला, जीव टांगणीला! तुमचे अनुभव येऊ द्या

जास्वंद
काल रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तर आतल्या खोलीतून लेकीची किंकाळी. मला वाटलं पाल पडली अंगावर. जाऊन बघते तर बाईसाहेब उशीत तोंड खुपसून पाय आपटतायत. त्या कोरियन वेबकॉमिकचा नवा भाग संपला होता. तेच ते, जुन्या इमारतीतल्या लिफ्टचं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मागच्या भागांवर असाल तर इथूनच परत फिरा.

लिफ्टचं दार उघडतं, आत ओली छत्री, छत्रीच्या मुठीवर एक हात, हातात अंगठी. खलास. खाली सगळं पांढरं आणि लेखकाची टीप, की पुढच्या आठवड्यात सुट्टी.

एवढं काय त्यात, म्हटलं मी तिला. आणि अर्ध्या तासानं मीच अंधारात मोबाईल धरून तो हात मोठा करकरून बघत बसले.

मग आई आठवली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडांत मिळून एक साप्ताहिक यायचं, त्यात कादंबरी क्रमशः. पहिला मान घरमालकीणबाईंचा, मग आईचा, मग वरच्या काकूंचा. अंक हातात पडेपर्यंत काकू जिन्यात घुटमळायच्या. "वहिनी, एवढंच सांगा, ती जगली का?" आई कणीक मळत म्हणायची, "मी काय सांगायची नाही." एकदा तिच्या तोंडून नुसतं "बिचारी" निसटलं, तर काकूंनी पुढचा अंक येईपर्यंत अबोला धरला होता. पाणी भरायलासुद्धा वेगळ्या वेळी यायच्या.

तुमचं सांगा. कॉमिक, मासिक, मालिका, काहीही चालेल. जिथं तोडलं आणि तुम्ही लटकलात.

उद्यमनगरी
माझं बीपी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, म्हणजे धोका पातळी. ३९ ची इशारा पातळी तर मागच्याच भागात ओलांडली होती.

तांबडापांढरा
सुट्टी??? आत्ता??? नाद करतोय काय लेखक

फेटेवाला
हात म्हाताऱ्याचा आहे. लिहून घ्या.

पेठेतलं_पोरगं
म्हातारा कसा असंल वो? त्याची अंगठी उजव्या हातात होती. भाग काढून बघा, जेवणाच्या टेबलावरचा. हितं डाव्या हातात आहे. हा दुसराच कोणतरी आहे.

फेटेवाला
@पेठेतलं_पोरगं काढून बदलली असंल हातात. सुजला असंल हात.

पेठेतलं_पोरगं
मेलेल्या माणसाचा हात सुजतोय होय 😂

एसटीवाल्याचा_मुलगा
आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ ला निघालं, १९९० ला बंद पडलं. मराठीत यायचं, वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक. ऐंशीच्या दशकात एकच गोष्ट दोन अंकांत तोडायला लागले. पहिला भाग स्टँडवरच्या स्टॉलवर मिळाला. वेताळ बांधलेला, खाली मगरी, संपलं. दुसरा भाग काय आलाच नाही. रोज शाळा सुटली की स्टॉलवर. तो मालक मला लांबून बघूनच मान हलवायचा.

वडील कंडक्टर होते, बेळगाव गाडीवर. त्यांना सांगून ठेवलं. त्यांनी निपाणी, संकेश्वर, बेळगाव, सगळीकडच्या स्टँडवरच्या लोकांना कामाला लावलं. कंट्रोलर साहेबसुद्धा विचारायचे, "काय, सुटला का तुझा वेताळ?" शेवटी बेळगावातून अंक आला. इंग्रजी! वडील म्हणाले, मगर तीच आहे, घे. शब्दकोश घेऊन बसलो. एकेका फुग्याला पाव तास. त्या वर्षी इंग्रजीत पहिल्यांदा बरे मार्क पडले, सरांना वाटलं कॉपी केली.

जास्वंद
मगर तीच आहे, घे 😂😂 वडिलांना नमस्कार सांगा.

एसटीवाल्याचा_मुलगा
आता नाहीत ते. पण हे ऐकून हसले असते.

रिकामा_कट्टा
मी सगळे भाग पूर्ण झाल्याशिवाय हातच लावत नाही. एका बैठकीत सगळं. डोक्याला ताप नाही.

तांबडापांढरा
@रिकामा_कट्टा मिसळसुद्धा तुम्ही पाव संपल्यावर नुसता कट पिता का

रिकामा_कट्टा
बावड्यात पितो. काय म्हणणं आहे?

उद्यमनगरी
बावड्यात अजून तशी मिळते का हो पूर्वीसारखी? रविवारी पाहुणे येणार आहेत, सकाळी न्यायचं आहे.

रिकामा_कट्टा
नऊच्या आत जावा. नंतर पार्किंगला जागा नाही.

रविवार_साडेआठ
जपानी कॉमिक वाचणाऱ्यांचं दुःख ऐका जरा. तिथं सोमवार लागला की नवा भाग चढतो. त्यांचे बारा म्हणजे आपले रविवार रात्रीचे साडेआठ. आमच्या घरी रविवारी साडेआठ म्हणजे मटणाचं ताट समोर. आईला वाटायचं पोरगं वेळेवर जेवायला येतं, शहाणं झालं. मी आपला ताटाच्या आड फोन ठेवून बसलेला. एकदा शेवटच्या पानावर असा दणका दिला की हातातली नळी रश्श्यात. पांढरा शर्ट. आजी म्हणाली, "कुणाचा फोन हुता? कोण गेलं?" मी म्हटलं, एक कॅप्टन गेला. आजीनं दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सांगितलं, आमच्या पोराचा मिलिटरीतला साहेब वारला.

पेठेतलं_पोरगं
आज्जी काटा किर्रर्र

तिसरी_गल्ली
हे जरा विषयाला सोडून आहे पण शाहू स्टेडियमवर फुटबॉलला आमची पाटाकडीलची टीम हरल्यावर परतताना जी शांतता असते ना गल्लीत, ती काल आमच्या घरी होती. दोन्ही पोरं गप. नवऱ्यानं विचारलं कोण हरलं.

शिवाजीपेठ_जिंदाबाद
पाटाकडीलचं नाव काढल्याबद्दल धागा सोडून जात आहे. 😌

तिसरी_गल्ली
जावा जावा, साडेआठला परत येशीला.

कुंभारगल्ली
शाहूपुरीत आमचं गणपतीचं काम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं तेव्हा गणपती महिन्याभरावर आले होते, मूर्ती अर्ध्या रंगवलेल्या. जेवढ्या माडीवर चढवता आल्या तेवढ्या चढवल्या, बाकीच्या डोळ्यांसमोर विरघळल्या. शाडूची मूर्ती पाण्यात आधी कानापासनं सुटते, हे तेव्हा बघितलं. सोंड शेवटपर्यंत उभी राहते.

माडीवर मी, आई, धाकटी बहीण आणि लंबोदर दाटीवाटीनं. लाईट नाही, नेट नाही, फोन तेवढा अधूनमधून लागायचा. दादा पुण्यात अडकलेला, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. बहीण तेव्हा एक राजा-राणीचं वेबकॉमिक वाचायची. आदल्या भागात राजाच्या पेल्यात विष पडलेलं, आणि आमच्याकडं हे. तिला पुरापेक्षा त्या पेल्याचं जास्त पडलेलं. दादाला म्हणाली, तू वाच आणि मला सांग. दादानं रोज रात्री थोडं थोडं सांगितलं. राजा पेला खाली ठेवतो, मग मांजर येतं, मग प्रधान घाबरतो. आईसुद्धा कान देऊन ऐकायची. स्पीकरवर लावायचो. तेवढा वेळ कुणी खाली किती पायऱ्या बुडाल्या ते मोजत नव्हतं.

पाणी उतरल्यावर बहिणीनं खरा भाग वाचला. मांजर नाही, प्रधान नाही. राजा पहिल्याच चौकटीत मेलेला. दादाला झापला तर म्हणतो, "मागं आई रडत्याय, ऐकू येत होतं मला. तुला काय राजा गेला म्हणून सांगू?"

जास्वंद
काय बोलू. दादाला लिहितं करा.

कुंभारगल्ली
तो विमा विकतो. तेच काम आहे म्हणा.

इचलकरंजीची_सून
आम्ही दोघी बहिणी एकाच फोनवर वाचायचो, एकीचा अंगठा दुसरीच्या डोळ्यांच्या पुढं जायचा म्हणून मारामाऱ्या. लग्न झालं, मी इचलकरंजीत, ती राजारामपुरीत. आता मंगळवारी रात्री फोन कानाला आणि भाग हातात. "दारापर्यंत आलीस?" "थांब, कुकर काढतो." "आता सरकव." काल दोघी एकदमच छत्रीपाशी आलो. मग ती काय बोलंना, मी काय बोलंना. सासूबाई आतून म्हणाल्या, भांडलासा काय गं?

खर्चिक
मी ॲपवर पैसे देऊन, कॉइन भरून पुढचे तीन भाग आधीच वाचलेत.

उद्यमनगरी
बाहेर.

फेटेवाला
बाहेर.

खर्चिक
अहो काही सांगत नाही मी. पैसे माझे, भाग माझे. फक्त एवढंच म्हणेन की... अरेरे.

पेठेतलं_पोरगं
अरेरे म्हणजे???? अरेरे कुणासाठी??? ए भावा

इचलकरंजीची_सून
जास्वंदताई ह्यांच्याशी पण पाणी भरायची वेळ बदला आता.

जास्वंद
@खर्चिक तुमच्या ह्या 'अरेरे'वर लेकीनं दोन पानांची थिअरी लिहिलीय. उद्या तिचा भूगोलाचा पेपर आहे. जबाबदारी तुमची.

रेघोट्या
उशिरा आलो. मी अशाच कॉमिकला घरी बसून रंग भरायचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, सगळे हाताबद्दल बोलताय पण लिफ्टचं दार आणि छत्री यांच्यामधल्या काळ्या पट्टीकडं बघा. फोनवरचं कॉमिक म्हणजे वरून खाली एकच लांब पट्टी. पान उलटायचं नसतं, त्यामुळं वेळ लावायचा तर दोन चौकटींमधली मोकळी जागा वाढवायची. काल अंगठा सरकवत राहिलो तरी काळंच, काळंच, मग पाण्याचे दोन थेंब, परत काळं, आणि मग मूठ. छापील पुस्तकात किती पानं राहिलीत ते डाव्या-उजव्या हाताला कळतं. इथं कळत नाही. आपण चौकटीची वाट बघत असतो आणि खाली प्रतिक्रियांचा रकाना येतो. तिथंच माणूस ओरडतो. ही पट्टी ८०० पिक्सेल रुंद असते, चढवताना तिचे तुकडे करतात. तो काळा भाग कुठं तोडायचा यावरसुद्धा वाद होतात हो.

दोन, अंगठी. चित्र काढताना आम्ही ते मधेच आडवं फिरवून बघतो, आरशात बघतात तसं. नाक तिरकं गेलंय, डोळा वर चढलाय, ते असं फिरवल्यावर लगेच दिसतं. घाईत परत सुलटं करायचं राहून गेलं की डाव्याचा उजवा. माझं मत विचाराल तर अंगठी बदलली वगैरे काही नाही, शुक्रवारी पहाटेची चूक आहे ती.

आणि सुट्टीवरून शिव्या नका देऊ राव. आठवड्याला पन्नास-साठ चौकटी, त्याही रंगीत. मनगटाला पट्टा बांधून बसतात लोक.

पेठेतलं_पोरगं
माझी थिअरी शुक्रवारी पहाटे मेली. 🙏

फेटेवाला
म्हंजे म्हाताराच. म्हटलं नव्हतं?

खर्चिक
(काही बोलत नाही)

तिसरी_गल्ली
@खर्चिक कंस पण नको.

करवीरकर_आजोबा
नातवाने हा धागा वाचायला दिला. आम्ही चांदोबा वाचायचो. मराठी अंक १९५२ पासून येऊ लागला. विक्रमाने तोंड उघडले की वेताळ प्रेतासकट परत झाडावर, म्हणजे दर महिन्याला तेच, तरी आम्हाला दर महिन्याला वाटे की या वेळी राजा गप्प बसेल. करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचायचो, संस्था १८५० ची आहे. तिथे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. त्यामुळे भाग संपल्यावर बाहेर भवानी मंडपात येऊन ओरडायचो. आज लिफ्टचे दोन भाग वाचले. चांगले आहे. अक्षर फार बारीक आहे.

इचलकरंजीची_सून
आजोबा दोन बोटांनी ताणायचं, मोठं होतं.

करवीरकर_आजोबा
ताणले. मग नुसते नाकच दिसते.

उद्यमनगरी
🤣🤣 आजोबा लई भारी

रिकामा_कट्टा
सगळ्यांचं वाचून काल पहिला भाग उघडला. आत्ता पहाटेचे तीन. छत्रीपाशी आहे. तुम्हा सगळ्यांचं वाटोळं होवो.

तांबडापांढरा
या या. बसा. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

कुंभारगल्ली
@रेघोट्या धाकटी बहीण चित्रं काढते, मूर्तींचे डोळे तीच आखते. तिला हे रंग भरायचं काम शिकायचं असेल तर काय लागतं? महाग असतं का?

रेघोट्या
डोळे आखते म्हणजे हात स्थिर आहे, अर्धं काम झालं. आधी साधा बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घ्या, जुना मिळाला तरी चालेल. फक्त पेनाचं टोक, म्हणजे निब, झिजलेली नाही ना बघून घ्या, आणि वायर हलवून बघा, तिथंच तुटते.

कुंभारगल्ली
कुणाचा विकायचा आहे का इथं?

रविवार_साडेआठ
माझा आहे. रश्श्याचा एक डाग आहे कोपऱ्यात, बाकी ठणठणीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.